पांझरेवरून कॅमेरा: ड्रोनच्या वायरिंगच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

मामांच्या गावचा फड, म्हणजे सामाईक पाण्यावरचा शेतांचा सलग पट्टा, वरून टिपायचा, हे आज पक्कं झालं. साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या काही गावांत अजून फड पद्धतीने पाणी फिरतं. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, म्हणजे वावरात पाणी नेणाऱ्या नाल्या. मोटर नाही, पंप नाही. उतारावर पाणी आपलं आपण चालतं. निदान तीनशे वर्षांची ही रचना आहे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर साली पीक फिरवायचं, आणि कुणाच्या वावरात पाणी कधी सोडायचं ते पाटकऱ्याच्या हाती. बांधावरून चालताना यातला एखादाच तुकडा दिसतो. मामा पंच्याहत्तरीला आले. ज्या फडावर जन्म गेला तो त्यांनीही कधी सबंध पाहिलेला नाही.

धुळ्यात चाळीसगाव रोडला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं पाणबुडी मोटरी भरतो आहे. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. ड्रोनची मोटर म्हणजे शेवटी तीन वायरींची तीन फेज मोटरच, फरक एवढाच की रोटरवर चुंबक असतात आणि फेज तयार करायचं काम ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारं छोटं सर्किट, करते. तेव्हा स्वतःच बांधायचं.

सामान असं: ४५० मिलिमीटरची चार हातांची फ्रेम, ९२० केव्हीच्या (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ९२० फेरे, किलोव्होल्ट नव्हे) चार मोटरी, १० इंची पाती, ३० अँपिअरच्या चार ईएससी, पिक्सहॉक जातीचा फ्लाइट कंट्रोलर त्यावर आर्डूपायलट हे उड्डाण सांभाळणारं सॉफ्टवेअर, होकायंत्रासह जीपीएस, तीन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा झुला), त्यावर छोटा ॲक्शन कॅमेरा. बॅटरी चार सेलची लिथियम पॉलिमर, ५००० एमएएच. असे दोन पॅक. सगळं मिळून वजन पावणेदोन किलोच्या आत बसवायचं आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं यंत्र मायक्रो वर्गात येतं.

१४ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस वायरच्या हिशेबात गेला, आणि तो जायलाच हवा होता.

दुकानात गिऱ्हाईक येतं ते एकच तक्रार घेऊन: मोटर जळाली. उघडून पाहावं तर वाइंडिंग काळं ठिक्कर. पण बऱ्याचदा खोट मोटरीत नसतेच. डीपीपासून विहिरीपर्यंत हजार फूट बारीक केबल ओढलेली, मधे दोन जागी नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेला. टोकाला व्होल्टेज पोचत नाही, मोटर तेवढंच पाणी उचलायला करंट जास्त ओढते, तापते आणि जाते. मी शेतकऱ्याला आधी केबल विचारतो, मग मोटर. ड्रोनमध्ये केबल हजार फुटांची नसते, वीतभरच असते. पण करंट साठ अँपिअरपर्यंत जातो आणि व्होल्टेज जेमतेम पंधरा. २३० व्होल्टांत अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळत नाही, पंधरातला अर्धा गेलेला लगेच कळतो.

हिशेब वहीत मांडला. बॅटरीपासून वाटप पाटीपर्यंत (जिथून चारही ईएससींना वीज वाटली जाते) ३० सेंटिमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर तांबं. १६ गेजची वायर, आपल्या भाषेत १.३ स्क्वेअर एमएम, मीटरला साधारण १३ मिलिओहम. साठ अँपिअरला ०.४७ व्होल्ट तिथेच गेले आणि २८ वॅट उष्णता झाली, लहान डागणीइतकी, म्हणजे सोल्डरिंगच्या इस्त्रीइतकी. १२ गेजला, म्हणजे ३.३ स्क्वेअर एमएमला, मीटरला ५.२ मिलिओहम, तूट ०.१९ व्होल्ट, उष्णता ११ वॅट. लांबी निम्मी केली की हेही निम्मं. म्हणून बॅटरीकडे १२ गेज, तीही होईल तितकी आखूड. पाटीपासून प्रत्येक ईएससीला १६ गेज पुरते, कारण तिथे करंट चौघींत वाटला गेलेला असतो.

वायर सिलिकॉनच्या कव्हरचीच घेतली. आत केसासारख्या बारीक तारा असतात, म्हणून ती कंपनात तुटत नाही, आणि डाग (सोल्डर) देताना कव्हर वितळून मागे सरकत नाही. घरगुती पीव्हीसी वायर इथे चालत नाही.

एक गोष्ट मला नवी होती. फ्रेमचे हात लांब असले की वायर कुठे वाढवायची, बॅटरी ते ईएससी की ईएससी ते मोटर? माझा हात सवयीने बॅटरीकडची वायर वाढवायला गेला असता. पण ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट तोडते-जोडते. बॅटरीकडची वायर लांब असेल तर दर तोडीला तिच्यातला करंट थांबायला मागत नाही, व्होल्टेज उसळतं, आणि तो मार ईएससीच्या कपॅसिटरवर बसतो. मोटरीकडच्या वायरीपुढे तर मोटरीची गुंडाळी असतेच, तिथे आणखी पाच सेंटिमीटर वाढले तर काही बिघडत नाही. ईएससी पाटीजवळ, मोटरीची वायर लांब, असं ठरलं.

२२ डिसेंबर, रविवार

डाग दिले. सहा तास.

बॅटरीच्या जोडासाठी पिवळा एक्सटी-६० वापरला. नावातला साठ म्हणजे साठ अँपिअर. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी टोक, म्हणजे उघड्या पिना कशाला टेकून शॉर्ट व्हायची भीती नाही. डाग देताना समोरचं टोक त्यात खुपसून ठेवायचं, नाहीतर तापून नायलॉन मऊ पडतं आणि पिना वाकड्या होतात.

पंचवीस वॅटची सोल्डरिंग इस्त्री इथे उपयोगाची नाही. बारा गेजचं तांबं उष्णता पिऊन टाकतं. दुकानातली ६५ वॅटची घेतली, चपटं रुंद टोक. आधी वायरीला कथील पाजलं, मग पॅडला, मग दोन्ही एकत्र. पाटीचा प्लसचा पॅड पटकन झाला. मायनसच्या पॅडला वेळ लागला, कारण त्याच्या खाली सबंध पाटीभर तांब्याचा पत्रा पसरलेला असतो. शेवटी तोही चकचकीत दिसला.

२९ डिसेंबर, रविवार

पहिला करंट. पाती अजून खोक्यात.

नव्याने भरलेली मोटर आम्ही कधी थेट लाइनवर टाकत नाही. आधी सिरीज बल्ब. तेच इथे केलं. बॅटरीच्या प्लसमध्ये ट्रकचा २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घातला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, करंट अँपिअरच्या आतच राहील, काही जळणार नाही. आधी मीटरने प्लस-मायनस तपासले, मग टोक जोडलं. बल्ब एकदा मंद चमकला, कपॅसिटर भरले, बल्ब विझला. ईएससी एकामागून एक वाजल्या. दुकानातला पोरगा आयटीआय करून आलेला आहे, त्याने बल्बकडे बघूनच सांगितलं, "भाऊ, लाइन साफ आहे."

बल्ब काढून एकेक मोटर हळू फिरवली. आर्डूपायलटच्या मांडणीत पुढची उजवी आणि मागची डावी घड्याळाच्या उलट, पुढची डावी आणि मागची उजवी घड्याळाप्रमाणे. दोन मोटरी चुकीच्या दिशेने फिरत होत्या. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा पालटते; विहिरीवरची मोटर उलटी फिरली की तेच करतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

कंट्रोलरला वीज कुठून द्यायची हे नीट ठरवलं. प्रत्येक ईएससीच्या सिग्नल वायरीत पाच व्होल्टची लाल तार येते. चारही तारा एकाच पट्टीवर जोडल्या तर चार वेगवेगळे रेग्युलेटर एकमेकांवर ढकलाढकली करतात. चारही लाल पिना उपसून स्लीव्हमध्ये बंद केल्या. काळी आणि सिग्नलची तेवढी ठेवली. काळी काढायची नाही, सिग्नलला परतीची वाट लागते. कंट्रोलरची वीज पॉवर मॉड्यूलमधून घेतली. ते बॅटरी आणि पाटी यांच्या मधे बसतं, पाच व्होल्ट देतं, आणि व्होल्टेज व करंट दोन्ही मोजून कंट्रोलरला कळवतं.

पाटीवर बॅटरीच्या पॅडलाच १००० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टचा लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर डागला. त्याचे पाय जितके आखूड तितका तो कामाचा. पट्टीची बाजू मायनसला.

आता बॅटरी लावताना ठिणगी पडते, कारण रिकामा कपॅसिटर क्षणभर सगळं खेचतो. रोज पडणाऱ्या ठिणगीने पिना काळ्या होतात आणि तिथे पुन्हा रेझिस्टन्स वाढतो. आतच रेझिस्टर असलेले ठिणगीविरोधी जोड मिळतात, ते एक्सटी-९० मापाचे आहेत, मागवले.

१२ जानेवारी, रविवार

होकायंत्र. कॉम्पासमॉट नावाची चाचणी घेतली: पाती उलटी करून एकेक जागा सरकवून लावायची, म्हणजे जोर जमिनीकडे दाबला जातो, यंत्र पाटाला बांधायचं, आणि थ्रॉटल वाढवताना होकायंत्र किती भरकटतं ते बघायचं. ३० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६० च्या वर असेल तर उडवू नये. माझं ६८ आलं.

कारण वहीत मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. तरंगताना १८ अँपिअर लागतील. एका सुट्या वायरीतून १८ अँपिअर वाहताना पाच सेंटिमीटरवर ७२ मायक्रोटेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे होकायंत्राला उत्तर ध्रुवापेक्षा माझी बॅटरीची वायर जास्त जोराने ओढत होती! प्लस आणि मायनस दोन बाजूंनी सुटसुटीत नेल्या होत्या, दिसायला छान म्हणून. त्या सोडवल्या आणि एकमेकींभोवती पीळ देऊन नेल्या. जाणारा आणि येणारा करंट शेजारी असला की दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. जीपीएस १२ सेंटिमीटर उंच काठीवर चढवला. पुन्हा चाचणी घेतली, १९ टक्के.

एसीच्या मोटरी भरताना या गोष्टीशी कधी गाठ पडत नाही. इथे ती जिवाची गोष्ट आहे. होकायंत्र चुकलं की यंत्र एका जागी थांबायच्या नादात गोल गोल मोठी वर्तुळं घेत निघून जातं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज काम नाही. धुळ्याचं आभाळ पतंगांनी भरलेलं. मांजा आठवडाभर तारांवर आणि झाडांवर लोंबत राहील, तोवर मामांच्या गावीही उडवायचं नाही. धुळ्यात तर एरवीही नाही. गोंदूरला धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक शिकतात. गावात लोकांच्या डोक्यावर पाती फिरवणं मला मान्यच नाही.

एका ओळखीच्या मंडप कंत्राटदाराचा फोन आला, लग्नसराईत शूटिंगला येशील का म्हणून. नाही सांगितलं. पैशाच्या कामाला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, ते माझ्याकडे नाही. माझं यंत्र चाचणी आणि छंदाच्या वर्गातलं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेटची अट नाही, पण त्याला धंद्याला जुंपायचंही नाही. नोंदणीचा अर्ज केला आहे. नंबर आल्यावरच मोकळ्या हवेत.

२६ जानेवारी, रविवार

नंबर आला, फ्रेमवर चिकटवला. पहाटे साक्रीकडे निघालो. मामांच्या पडीक तुकड्यात सकाळी साडेसातला पहिल्यांदा उचललं. दव पडलेलं, हाताची बोटं आखडलेली. मामा घोंगडी पांघरून बांधावर उभे. म्हणाले, "बापू, हाई उडी का?"

उडालं. दोन मीटरवर चार मिनिटं जागच्या जागी. १८ अँपिअर, कागदावर होते तेवढेच.

२ फेब्रुवारी, रविवार

गिंबल आणि कॅमेरा चढवले. वजन १७४० ग्रॅम. कॅमेरा पुढे आल्यामुळे तोल साधेना, म्हणून बॅटरी मागे सरकवली आणि तिची वायर पुरेना म्हणून २० सेंटिमीटरची जोडवायर लावली. १४ गेजची, दुकानात तीच होती.

सात मिनिटं उत्तम. मग वर चढायला थ्रॉटल दिला आणि पडद्यावर क्षितिज कलंडलं. गिंबलने मान टाकली, दोन सेकंदांनी परत उचलली. पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. उतरवलं.

गिंबलला १२ व्होल्ट लागतात, ते एका छोट्या रेग्युलेटरमधून येतात. पोरगा म्हणाला, रेग्युलेटर खराब आहे, बदलू. मलाही क्षणभर तेच वाटलं. मग वाटलं, हे तर गिऱ्हाईकाचं बोलणं झालं. आधी केबल विचारायची.

९ फेब्रुवारी, रविवार

सबंध आठवडा हाच शोध. उड्डाणाची नोंद कंट्रोलरमधून उतरवली. त्या घटकेला बॅटरीचं स्थिर व्होल्टेज १५.१ असायला हवं होतं. चढताना करंट ४६ अँपिअर, आणि पॉवर मॉड्यूलने दाखवलेलं व्होल्टेज १३.२. एक व्होल्ट नऊ गायब. रेग्युलेटर व्होल्टेज उतरवणारा आहे, चढवणारा नाही. बारा द्यायला त्याला वर एक-सव्वा व्होल्ट जास्तीचा लागतो. त्याच्यापर्यंत जेमतेम तेरा पोचले असतील तर तो बिचारा काय करणार.

मग एकेका टप्प्याचा झाडा घेतला. बारा व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी, ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे साठ वॅटचे दोन बल्ब जोडीने; दहा अँपिअर झाले. तेवढा करंट सगळ्या वाटेतून वाहता ठेवला आणि मीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना टोकं टेकवत गेलो. हा माझा सगळ्यात विश्वासाचा उपाय आहे. ओहममीटरला मिलिओहम दिसत नाहीत, पण दहा अँपिअर वाहताना एक मिलिओहम दहा मिलिव्होल्ट होऊन समोर येतो.

ईएससीचे डाग प्रत्येकी एक-दोन मिलिव्होल्ट. बॅटरीची मूळ वायर पंधरा. जोडवायर तिच्या जास्तीच्या जोडासकट ४५. आणि पाटीचा मायनसचा पॅड ४१! तोच, जो शेवटी चकचकीत दिसला होता. वायर हाताने हलवली की आकडा ३० ते ६० नाचायचा. डाग उकलून पाहिला. वरून कथील वाहून गेलं होतं, पण खाली पॅडला ते ओलावलंच नव्हतं. खालचं तांबं तापायच्या आत मी इस्त्री उचलली होती.

उरला तो बॅटरीचा स्वतःचा रेझिस्टन्स. चार्जर तो मोजून देतो. दुकानात कोमट असताना चारही सेल मिळून १८ मिलिओहम. तोच पॅक पहाटे गच्चीवर तासभर ठेवून मोजला तर ३५. थंडीत लिथियमची बॅटरी आखडते हे वाचलेलं होतं, इतकी आखडते हे आज कळलं.

बेरीज केली. गारठलेला पॅक ३५, मूळ वायर दीड, जोडवायर साडेचार: एकूण ४१ मिलिओहम. ४६ अँपिअरला एक व्होल्ट नऊ. नोंदीशी तंतोतंत जमलं. आणि पाटीवरच्या डागात आणखी पाव व्होल्टला थोडं कमी, जे पॉवर मॉड्यूलला दिसतच नव्हतं, कारण ते डागाच्या अलीकडे बसलं आहे. व्होल्टांत पाहिलं तर सगळ्यात मोठा वाटा थंडीचा. धोक्यात पाहिलं तर डागाचा: मसुरीच्या दाण्याएवढ्या जागेत चढताना जवळजवळ नऊ वॅट. तो डाग हवेतच सुटला असता.

काम असं केलं. मायनसचा पॅड पूर्ण साफ करून, पाटी खालून हॉट एअरने आधी तापवून, मग डाग दिला. आता चार मिलिव्होल्ट. जोडवायर काढून टाकली. बॅटरीचा ट्रे खाली मधोमध घेतला आणि तोल साधायला जीपीएसची काठी व रिसीव्हर मागे नेले. बॅटरीची वायर १२ सेंटिमीटर. नवे ठिणगीविरोधी जोडही आजच बसवले. आणि उडवायच्या आधी पॅक जाकिटाच्या आत, अंगाशी.

रेग्युलेटर तोच आहे. बदलला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तेवढ्याच करंटला आता १४.२ व्होल्ट. गिंबल हलला नाही. तीन वेळा जोरात चढवून पाहिलं.

आता दुसरं: खाली येणाऱ्या थेट चित्रात आडव्या रेघा, थ्रॉटलबरोबर सरकणाऱ्या. कार्डावरचं चित्रीकरण मात्र स्वच्छ. म्हणजे कॅमेरा बरा आहे, वाट मळलेली आहे. व्हिडिओ ट्रान्समीटरला मी वीज थेट पाटीवरून दिली होती आणि कॅमेऱ्याला गिंबलच्या बाजूने. दोघांचे मायनस दोन वाटांनी पाटीला जात होते, आणि मधल्या व्हिडिओच्या बारीक मायनस तारेतून मोटरीच्या करंटचा थोडा भाग वाट काढत होता. तोच चित्रात रेघा होऊन उमटत होता. ट्रान्समीटर आणि कॅमेरा एकाच १२ व्होल्टच्या फिल्टर केलेल्या आउटपुटवर घेतले, दोघांचा मायनस एकाच बिंदूला. रेघा गेल्या.

चित्रीकरणात थोडी थरथर होती ती पात्यांची. तराजूवर लावून जड बाजूला चिकटपट्टी घालून चारही समतोल केली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मापं खरी करण्याचा दिवस. कंट्रोलर म्हणतो २९०० एमएएच खर्च झाले, चार्जरने परत भरले ३३००. दुकानातला क्लॅम्प मीटर एसीचा, डीसीला तो शून्यच दाखवतो; म्हणून चार्जरच्या आकड्यालाच प्रमाण मानून करंटचा गुणक ३३०० भागिले २९०० ने वाढवला. तरंगतानाचे १८ अँपिअर म्हणजे खरे वीसच्या वर होते, हे यातून निघालं. ९ तारखेची बेरीजही मग ४६ ऐवजी ५२ अँपिअरने करायला हवी. पुन्हा मांडली: एक व्होल्ट नऊच्या जागी दोन व्होल्ट एक येते, म्हणजे बॅटरी तेव्हा १५.१ च्या थोडी वर असणार. जोडांचे आकडे बल्बवर मोजलेले, त्यांना धक्का नाही.

सूचना आणि परतीचे आकडे: १४.० व्होल्टला घरी परत, १३.६ ला आहे तिथे उतर. सेलला ३.५ आणि ३.४, तेही भार असताना. परतीची उंची ३० मीटर, मामांच्या मळ्यातल्या चिंचेहून दुप्पट. रेडिओ तुटला तरी परत. प्रत्येक गोष्ट पाती काढून करून पाहिली.

चार्जिंग ५ अँपिअरच्या वर नाही, बॅलन्स वायर लावूनच, मातीच्या मोठ्या कुंडीत, शेजारी वाळूची बादली, आणि माणूस समोर. फुगलेल्या पॅकवर दया दाखवायची नाही.

२ मार्च, रविवार

फडाचं काम झालं.

काल संध्याकाळी मारुतीच्या पारावर सांगून ठेवलं होतं की सकाळी आठला वरून चित्रीकरण होईल. बंधाऱ्यावर धुण्याला येणाऱ्या बायकांना मामींनी वेगळं कळवलं, त्या वेळ टाळून आल्या. पाटकरी स्वतः सोबत होते.

पॅक एक: १६.७ व्होल्टला उचललं, ६० मीटरवर नेलं, बंधाऱ्यापासून कालव्याच्या कडेने शेवटच्या चारीपर्यंत, पुन्हा मागे. अकरा मिनिटं, उतरताना १४.३. सगळ्यात कमी व्होल्टेज चढताना १४.१. डागाला हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नाही.

घरी ओट्यावर मोठ्या पडद्यावर लावलं. उसाचा फड गर्द हिरवा, गव्हाचा पिवळा पडत आलेला, हरभऱ्याचा काढून मोकळा झालेला. तीन रंगांचे तीन सलग पट्टे, आणि त्यांच्या डोक्यावरून कालव्याची एक चमकती रेघ. कुठेही एका शेतकऱ्याचं वेगळं वावर ओळखू येत नव्हतं. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपला फड इतला मोठा शे?"

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं. दुसऱ्या चारीच्या खाली, गव्हाच्या पट्ट्यात एक काळसर ओला डाग, हातपाय पसरलेला. बोट टेकवून म्हणाले, "पानी आठे मुरी राह्यनं. चारी फुटेल शे." (पाणी इथे मुरतं आहे, चारी फुटली आहे.) पाटकऱ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. गेले पंधरा दिवस शेवटच्या सारंगाला पाणी कमी का पडतं यावरून रोज वाद चालला होता म्हणे. ते उठले, पायताणं चढवली आणि फावडं मागितलं.

दुसरा पॅक उडवला नाही. दोन्ही पॅक सेलला ३.८५ वर आणून कुंडीत ठेवले. पुढच्या रविवारी दुरुस्त झालेल्या चारीवरून पुन्हा एक फेरी मारायची आहे, पाटकऱ्यांनी सांगितली आहे तीच वेळ, पाणी सोडल्यावर अर्ध्या तासाने.